फोनमध्ये सरळ दिसणारा फोटो इतरत्र आडवा का पडतो, आणि तो कायमचा सरळ कसा करावा

फोनच्या गॅलरीत व्यवस्थित उभा दिसणारा फोटो संगणकावर घेतला, ऑनलाइन अर्जावर चढवला किंवा छपाईला दिला की आडवा पडतो. क्वचित तो पूर्ण उलटाही होतो. तो तिथल्या तिथे फिरवून जतन केला की काम झाले असे वाटते, पण तीच फाइल पुन्हा फोनवर उघडली की आता ती तिथे आडवी दिसते. व्हिडिओच्या बाबतीत हा त्रास अधिक जाचक ठरतो, कारण घरगुती समारंभाचे चित्रण पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावल्यावरच ते आडवे असल्याचे लक्षात येते. यावर सर्वत्र सांगितला जाणारा ‘फिरवा आणि जतन करा’ हा उपाय अपुरा आहे. दोष तीन वेगवेगळ्या जागी असू शकतो, त्या प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे, आणि जागा न ओळखता केलेला उपाय पुष्कळदा एका दोषात दुसऱ्याची भर घालतो.

फोन प्रत्यक्षात काय साठवतो

कॅमेऱ्याचा सेन्सर आयताकृती असतो आणि तो फोनच्या अंगात कायमचा बसवलेला असतो. आपण फोन उभा धरला तरी सेन्सरवरील पिक्सेलच्या ओळी वाचण्याचा क्रम बदलत नाही. म्हणून उभा फोन धरून काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो बहुतेक वेळा फाइलमध्ये ४०३२ पिक्सेल रुंद आणि ३०२४ पिक्सेल उंच, म्हणजे आडवाच साठवला जातो आणि त्यातला उभा माणूस कुशीवर पडलेला असतो. फाइलच्या सुरुवातीच्या भागात फोन एक छोटी नोंद करून ठेवतो, आणि ‘हे चित्र दाखवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नव्वद अंश फिरवावे’ असा तिचा अर्थ असतो. गॅलरी ही नोंद वाचते, चित्र फिरवून दाखवते, आणि त्यामुळे आपल्याला फोटो पहिल्यापासून उभाच होता असे वाटते.

पिक्सेलच फिरवून का साठवत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. सेन्सरकडून चित्र ओळीओळीने येते आणि ते येईल तसे प्रक्रिया करून संकुचित करता येते. नव्वद अंशांनी फिरवायचे म्हटले तर पहिली ओळ शेवटचा स्तंभ होते, आणि त्यासाठी संपूर्ण चित्र स्मृतीत धरून ठेवावे लागते. बारा मेगापिक्सेलच्या एका असंकुचित रंगीत चित्राला सुमारे ३६ मेगाबाइट लागतात. ३८४० बाय २१६० आकाराच्या, सेकंदाला तीस चौकटींच्या (फ्रेमच्या) व्हिडिओत तर दर सेकंदाला जवळपास पंचवीस कोटी पिक्सेल हलवावे लागतील. त्या मानाने एक आकडा लिहून ठेवणे जवळजवळ फुकट पडते. काही अँड्रॉइड फोन मात्र फोटोचे पिक्सेल खरोखरच फिरवून साठवतात. अँड्रॉइडच्या कॅमेरा व्यवस्थेने निर्मात्यांना दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. एकाच घरातील दोन फोनांपैकी एकाचे फोटो कुठेही सरळ दिसतात आणि दुसऱ्याचे नेमके अर्जावरच आडवे पडतात, याचे एक कारण हे आहे.

या नोंदीचा क्रमांक २७४ असून तो १९९२ सालच्या टिफ ६.० या चित्र-स्वरूपातून आला आहे. जपानमधील डिजिटल कॅमेरा उत्पादकांसाठी १९९५ मध्ये फोटोसोबतची माहिती फाइलमध्ये लिहिण्याचे एक्झिफ हे मानक तयार झाले, तेव्हा टिफची नोंदींची रचना त्यात घेतली गेली. फाइलमध्ये ही नोंद अवघ्या बारा बाइटांची असते: दोन बाइट क्रमांकाचे, दोन प्रकाराचे, चार संख्येचे आणि चार मूल्याचे. मूल्य १ ते ८ यांपैकी असते. १ म्हणजे चित्र आहे तसे दाखवावे, ३ म्हणजे अर्धा फेरा फिरवावे, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने नव्वद अंश आणि ८ म्हणजे उलट दिशेने नव्वद अंश. २, ४, ५ आणि ७ ही मूल्ये आरशातल्यासारख्या उलट चित्रांसाठी असून फोनच्या मागच्या कॅमेऱ्याच्या फोटोत ती सहसा आढळत नाहीत. मानकातील व्याख्या वाचली तर ६ या मूल्याचा नेमका अर्थ लागतो: फाइलमधील पहिली ओळ ही दिसणाऱ्या चित्राची उजवी कड आहे आणि पहिला स्तंभ ही त्याची वरची कड आहे.

आयफोन आडवा धरताना आवाजाची बटणे खालच्या बाजूला आली तर मूल्य १ पडते आणि वरच्या बाजूला आली तर ३ पडते. हे कळले की एक जुने कोडे सुटते. २०११ मध्ये आयओएस ५ आल्यावर आवाज वाढवण्याच्या बटणाने फोटो काढता येऊ लागला, तेव्हा नेहमीच्या कॅमेऱ्याच्या सवयीने लोक ते बटण वर ठेवून फोन धरू लागले, आणि नोंद न वाचणाऱ्या संगणकांवर ते सगळे फोटो उलटे दिसू लागले. अँड्रॉइडमध्ये मागचा सेन्सर सहसा नव्वद अंशांच्या कोनात बसवलेला असतो, पण तसे बंधन नाही. २०१५ मध्ये आलेल्या नेक्सस ५एक्स या फोनमध्ये तो बरोबर उलट दिशेने बसवला होता. सेन्सरचा कोन फोनला न विचारता नव्वद गृहीत धरणाऱ्या ॲप्समध्ये त्यामुळे चित्र उलटे दिसे.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

शक्यता तीन आहेत. पहिली, नोंद बरोबर आहे पण दाखवणारे साधन ती वाचत नाही, किंवा मधल्या एखाद्या साधनाने ती पुसून टाकली आहे. दुसरी, नोंदच चुकीची पडली आहे. तिसरी, कोणीतरी पिक्सेल फिरवले आहेत पण जुनी नोंद तशीच राहिली आहे, म्हणून चित्र दोनदा फिरते.

तपासण्याची सोपी रीत अशी की, फाइल फोनमधून केबलने किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून संगणकावर घ्यावी. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवलेले चित्र नव्याने संकुचित होते आणि त्यातील एक्झिफ नोंदी निघून जातात, त्यामुळे ती प्रत तपासणीच्या कामाची नाही. मूळ फाइल क्रोममध्ये ओढून टाकावी. क्रोम २०२० मधील ८१व्या आवृत्तीपासून ही नोंद पाळतो, आणि सफारी व फायरफॉक्सही त्याच सुमारास तसे करू लागले. क्रोममध्ये फोटो सरळ असेल आणि दुसरीकडे आडवा असेल, तर फाइल निर्दोष आहे व दुसरे साधन नोंद वाचत नाही. क्रोममध्येही आडवा असेल, तर तीच फाइल जिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावी. चित्रात फिरवण्याची नोंद असली की जिम्प, तसा पर्याय आधी कायमचा ठरवून ठेवलेला नसेल तर, चित्र फिरवायचे की आहे तसे ठेवायचे असे विचारतो आणि दोन्ही रूपे शेजारीशेजारी दाखवतो. प्रश्नच आला नाही, तर नोंद हरवली आहे किंवा तिचे मूल्य १ आहे. प्रश्न आला आणि ‘आहे तसे’ हे रूपच सरळ दिसले, तर तिसरी शक्यता खरी ठरते. मॅकवर प्रीव्ह्यूमधील टूल्स मेनूतून ‘शो इन्स्पेक्टर’ उघडले की मूल्य आकड्यातच वाचता येते. ज्यांना हे काम वरचेवर पडते त्यांनी एक्झिफटूल हे मोफत साधन शिकून घ्यावे, अशी माझी मनापासून शिफारस आहे. शेकडो फायलींची मूल्ये ते एका आदेशात यादीसारखी काढून देते.

नोंद हरवली: ऑनलाइन अर्जांचे दुखणे

आपल्याकडे या समस्येचा सर्वाधिक मनस्ताप भरती आणि प्रवेश परीक्षांच्या अर्जांत होतो. बऱ्याच अर्जांत फोटो २० ते ५० किलोबाइटांच्या आत मागितलेला असतो आणि फोनचा फोटो तर दोन-चार मेगाबाइटांचा असतो. मग उमेदवार एखाद्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये तो लहान करून घेतो. लहान करणारे साधन पिक्सेल उचलते, ते आहेत तसेच आडवे लहान करते, आणि जागा वाचवण्यासाठी सगळ्या नोंदी टाकून देते. परिणामी जो फोटो केवळ नोंदीच्या आधारावर सरळ दिसत होता तो आता सर्वत्र आडवा होतो. अर्जाच्या पूर्वदृश्यात दिसलेला आडवा चेहरा पुढे प्रवेशपत्रावर तसाच छापला जातो, आणि अंतिम मुदतीच्या रात्री हे लक्षात आले तर उमेदवाराच्या हाती फारसे काही उरत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी पिक्सेल खरोखर फिरवून घ्यावेत आणि मगच फोटो लहान करावा. विंडोजवर इरफानव्ह्यू या फोटो पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, त्याची जोडसाधने बसवलेली असल्यास, जेपेग (फोटोंचे नेहमीचे फाइल-स्वरूप) फिरवण्याच्या खास पर्यायात नोंदीप्रमाणे आपोआप फिरवण्याची सोय आहे. जिम्पमध्ये वरील प्रश्नाला ‘फिरवा’ असे उत्तर देऊन फाइल नव्या नावाने निर्यात केली तरी तेच साधते. संगणक हाताशी नसेल तर फोनच्याच गॅलरीत फोटोच्या चारही कडा किंचित कापून प्रत जतन करावी. बहुतेक गॅलऱ्या अशा वेळी चित्र नव्याने लिहितात आणि पिक्सेल सरळ होतात. नुसते फिरवा-बटण दाबून हे साधेलच असे नाही, कारण काही गॅलऱ्या तेव्हा फक्त नोंदीतला आकडा बदलतात. फोटो पडद्यावर उघडून त्याचा स्क्रीनशॉट घेणे हा सर्वांत झटपट मार्ग आहे आणि पासपोर्ट आकाराच्या फोटोला तो चालूनही जातो, मात्र त्यात मूळ तपशील पडद्याच्या रुंदीइतका उतरतो. छपाईच्या फोटोसाठी तो वापरू नये.

अर्जाचे पान बनवणाऱ्यांनाही इथे सांगण्यासारखे आहे, कारण हा दोष खरे तर त्यांच्या बाजूने एका ओळीत मिटतो. पीएचपीच्या जीडी ग्रंथालयाने जेपेग उघडली की दिशेची नोंद पाळली जात नाही, आणि जतन करताना ती लिहिलीही जात नाही. पायथनच्या पिलोमध्येही फाइल नुसती उघडल्याने चित्र फिरत नाही. त्यासाठी २०१९ पासून वेगळे फंक्शन दिलेले आहे आणि ते आकार बदलण्याच्या आधी बोलवावे लागते. इमेजमॅजिकमध्ये आपोआप दिशा सुधारण्याचा पर्याय आहे, तोही आकार बदलण्याच्या आदेशापूर्वी द्यावा. ब्राउझरमध्ये स्वतःच्या जावास्क्रिप्टने नोंद वाचून चित्र फिरवणारी जुनी पाने २०२० नंतर उलट बिघडली, कारण ब्राउझरने एकदा फिरवलेले चित्र त्या पानांनी पुन्हा फिरवले. असा जुना कोड अजून वापरात असेल तर तो काढून टाकणे हाच उपाय आहे.

फोटोतील ठिकाणाची माहिती उघड होऊ नये म्हणून सगळ्या एक्झिफ नोंदी पुसणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्यांची काळजी योग्यच आहे. फक्त सरसकट सगळे पुसण्याऐवजी ठिकाणाच्या नोंदी तेवढ्या काढाव्यात, किंवा आधी चित्र फिरवून घेऊन मग सगळे पुसावे.

चित्र फिरवताना गुणवत्ता कमी होते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुन्हा संकुचित केले तर थोडी कमी होते, पण जेपेग उलगडल्याशिवायही फिरवता येते. जेपेगट्रानसारखी साधने चित्राचे आतले चौकोनी गट फक्त नव्या जागी मांडतात आणि एकही पिक्सेल बिघडत नाही. फोनच्या फोटोत हे गट सहसा १६ बाय १६ पिक्सेलांचे असतात आणि रुंदी-उंचीला सोळाने पूर्ण भाग जात असेल तरच ही युक्ती कडेपर्यंत नीट चालते. ४०३२ आणि ३०२४ या दोन्ही संख्यांना सोळाने पूर्ण भाग जातो. ४००० बाय ३००० च्या फोटोत मात्र ३००० ला सोळाने भागल्यावर आठ उरतात आणि आठ पिक्सेलांची एक पट्टी अडते. ती कापून टाकायची की अशा फोटोला हातच लावायचा नाही, हे जेपेगट्रानला आधी सांगून ठेवता येते.

नोंदच चुकीची: टेबलावरचे कागद

सातबारा, गुणपत्रिका किंवा वहीचे पान टेबलावर ठेवून वरून फोटो काढला की त्यांपैकी काही आडवे किंवा उलटे येतात, आणि सर्वत्र तसेच दिसतात. फोन कोणत्या बाजूने धरला आहे हे तो ॲक्सेलरोमीटरवरून, म्हणजे गुरुत्वाकर्षण कोणत्या बाजूला ओढते आहे यावरून ठरवतो. फोन जमिनीला समांतर झाला की ओढ थेट पडद्याच्या आरपार जाते आणि चारही कडा सारख्याच होतात. अँड्रॉइडमध्ये अशा स्थितीला ‘अज्ञात’ असेच उत्तर मिळते, आणि कॅमेरा ॲप सहसा शेवटी माहीत असलेली दिशा धरून चालते. खिशातून काढताना फोन क्षणभर आडवा झाला असेल तर तीच दिशा चिकटून राहते.

उपाय सोपा आहे. कॅमेरा उघडल्यावर फोन आधी छातीसमोर उभा धरावा, पडद्यावरील चिन्हे उभी झाली आहेत हे पाहावे, आणि मग हळूच कागदावर आडवा करावा. कागदांची संख्या मोठी असेल तर फोटोऐवजी कागद स्कॅन करणारे ॲप वापरावे, कारण त्यात पाने जतन करण्यापूर्वीच सरळ करता येतात. हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फोन फिरवण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याचा इथे उपयोग नाही; त्याने होकायंत्राचा चुंबकीय सेन्सर जुळवला जातो, आणि त्याचा फोटोच्या दिशेशी संबंध नाही. पडदा फिरण्याचे कुलूप लावल्यामुळे फोटो आडवे पडतात, हाही समज बहुतेक फोनांत चुकीचा आहे, कारण कॅमेरा ॲप त्या कुलपाकडे न पाहता ॲक्सेलरोमीटरचेच ऐकते.

चुकीची नोंद पडलेल्या फोटोंसाठी पिक्सेलांना हात न लावता एक्झिफटूलने मूल्य बदलणे पुरेसे असते. फक्त हे फोटो पुढे अर्जावर जाणार असतील तर नोंदीवर विसंबू नये.

दोनदा फिरलेली चित्रे

तिसरा दोष सर्वांत गोंधळाचा आहे, कारण त्यात जुन्या साधनांवर फोटो सरळ आणि नव्यांवर आडवा दिसतो. एखाद्या संपादकाने पिक्सेल सरळ केले पण नोंदीत ६ तसाच ठेवला, की नोंद पाळणारे प्रत्येक साधन सरळ चित्र पुन्हा फिरवते. इथे नोंदीचे मूल्य १ करणे एवढेच करावे. चित्र आणखी फिरवू नये. यावर नव्वद अंशांची भर घालत बसले की फोन, संगणक आणि छपाई यांत तीन निरनिराळी रूपे दिसू लागतात.

आयफोनवर २०१७ मध्ये आयओएस ११ पासून येणाऱ्या हेइक (HEIC) या चित्र-स्वरूपाच्या फायलींत हा दोष रूपांतराच्या वेळी शिरतो. या स्वरूपात फिरवण्याची सूचना एक्झिफमध्ये नसून फाइलच्या स्वतःच्या रचनेत वेगळी लिहिलेली असते आणि मानकाप्रमाणे तीच पाळायची असते. एक्झिफमधला आकडा केवळ माहितीपुरता उरतो. हेइकचे जेपेग करणारे काही प्रोग्रॅम पहिली सूचना पाळून चित्र फिरवतात आणि दुसरी तशीच नव्या फाइलमध्ये उतरवतात. असे होत असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉर्मॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावे. त्यानंतरचे फोटो थेट जेपेग होतात.

सेल्फीतील पाटीवरची अक्षरे उलटी दिसणे हा वेगळा विषय आहे. फोन पूर्वदृश्यात आरशासारखे चित्र दाखवतो आणि जतन करताना कधी ते सुलटवतो, कधी नाही. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनांवरही कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी पर्याय आहे.

व्हिडिओ

व्हिडिओत एक्झिफची नोंद नसते. एमपी४ आणि क्विकटाइम फायलींत प्रत्येक चित्रमार्गाच्या (व्हिडिओ ट्रॅकच्या) शीर्षात नऊ संख्यांची एक सारणी असते आणि फिरवण्याचा कोन तिच्यातून कळतो. ही सारणी संपूर्ण मार्गासाठी एकच असते. चित्रण सुरू करताना फोन ज्या स्थितीत असेल तीच दिशा शेवटपर्यंत राहते, मध्येच फोन वळवला तरी ती बदलत नाही. म्हणून फोन खाली झुकलेला असताना लाल बटण दाबून मग तो वर उचलण्याची सवय मोडावी. आधी फोन हवा तसा धरावा, चिन्हे वळल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच बटण दाबावे.

आडव्या पडलेल्या व्हिडिओसाठी आयफोनवर आयओएस १३ पासून फोटोज ॲपमध्येच फिरवण्याची सोय आहे, आणि मॅकवर क्विकटाइम प्लेअरच्या एडिट मेनूत ती मिळते. व्हीएलसी या प्लेअरमधील भूमिती-परिणामांनी फिरवलेला व्हिडिओ फक्त त्या वेळी पाहण्यापुरता फिरतो. फाइल जशीच्या तशी राहते. एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांत चित्र पुन्हा संकुचित न करता केवळ सारणी बदलता येते, म्हणून तासाभराचे चित्रणही थोड्याच वेळात सरळ होते आणि गुणवत्ता अबाधित राहते. मात्र काही टीव्ही आणि जुने प्लेअर ही सारणी वाचतच नाहीत. त्यांच्यासाठी व्हिडिओ एकदा पूर्ण नव्याने संकुचित करावा. एफएफएमपेग तसे करताना सारणीनुसार चौकटी स्वतःहून फिरवतो.

अनेक तुकडे जोडताना आणखी एक काळजी घ्यावी. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेले तुकडे पुन्हा संकुचित न करता जोडले तर सगळ्यांना एकच सारणी लागू होते आणि सहसा ती पहिल्या तुकड्याची असते. मधलेच काही तुकडे आडवे का झाले हे मग कळत नाही. जोडण्यापूर्वी प्रत्येक तुकडा वेगळा संकुचित करून त्याच्या चौकटी सरळ करून घ्याव्यात, आणि मूळ फायली टीव्हीवर एकदा शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत फोनमधून काढू नयेत.